वाऱ्याला उदबत्ती

शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

बहात्तरच्या दुष्काळात आटपाडी सोडून आम्ही सांगलीत आलो. मी उडदाचे पापड लाटून विकायची. पापड सावलीत, वाऱ्यावर वाळतात. पण समोर तिमजली घर उठलं आणि दारातलं वारंच गेलं. पापडांना बुरशी येऊ लागली. वाण्याकडून डाळ उधार आणली होती, मृगाच्या आत पैसे देते म्हणून शब्द दिला होता.

तेव्हा एक चष्मेवाले गृहस्थ पेटती उदबत्ती धरून गल्लीत फिरायचे. शहरातल्या हवेचा अभ्यास करायला पुण्याहून आले होते. धूर हलू नये म्हणून श्वास रोखून बघायचे. नगरपालिकेचा मोजणीदार समजून शेजारची काकी रस्त्यात आलेली आपली पायरी झाकायला तिच्यावर फतकल मारून बसली.

"आवं सायेब, उदबत्ती कंच्या देवाला?"

"वाऱ्याला, मावशी. घरांमधून कसा जातो ते बघतोय."

"मग हिचं वारं कुणी पळवलं त्ये बघा की. तिला बोलाया लाज वाटतीया."

मी दाराआड सरकले. ते धुरामागं पावलं टाकत गेले. घराशेजारच्या बोळाच्या तोंडाशी धूर एकदम आडवा पळाला.

"वहिनी, वारा गेलेला नाही. भिंतीला वळसा घालून इथून जातोय. पापडांची खाट इथं टाका."

दुसऱ्या दिवशी बोळाच्या सावलीत पापड दुपारपर्यंत खडखडीत वाळले. त्यांना एक भाजून द्यावा असं रोज मनात यायचं, पण धीर झाला नाही. आठवड्यानं ते पुण्याला परत गेले.

मृगाच्या आदल्या दिवशी वाण्याची पै न पै फिटली.