जेवणाच्या टेबलावरचा प्रबंध

रजईला खोळ घालत होतो. दोन कोपरे माझ्या हातात, दोन ह्यांच्या. तेवढ्यात फोन वाजला आणि ह्यांनी आपले कोपरे सोडून दिले. रजई अर्धी आत, अर्धी बाहेर.

"चला!" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "परदेशातल्या पोरीला नापास करायचंय, घरातल्यांना थंडी वाजू दे."

आमचे हे जमिनीखालच्या पाण्याचे प्राध्यापक. निवृत्त झाले, खोड निवृत्त झाली नाही. परदेशातल्या एका विद्यापीठाने पीएचडीच्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा हे आता कामात गुंततील म्हणून मी भाबडेपणाने देवाला हात जोडले. ह्यांना पडद्यावर वाचवत नाही. अख्खा प्रबंध छापून जेवणाच्या टेबलावर पसरला. वाचायचा तोही शेवटाकडून. म्हणे, लिहून दमलेला माणूस खरं बोलतो. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

गाडी अडली चौथ्या प्रकरणात. मुलीने विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजली होती, पण त्या वेळी पंप चालू होते की बंद, हे कुठेच नाही. पंप चालू असेल तर पाणी खाली जातं, मग त्या आकड्यांना काय अर्थ? ह्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं, पुन्हा मोजा, मग पदवी.

आज संगणकावरून तोंडी परीक्षा होती. 'लवकर सुरू करतोय' म्हणून फोन आला होता. मी दाराशी उभी राहिले. त्यांची भाषा मला बेताची कळते, पण आवाज चढला की सगळं कळतं. राहिलेलं ह्यांनी नंतर सांगितलं.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ते प्रकरण मागाहून सुधारता येईल. तिची शिष्यवृत्ती याच महिन्यात संपतेय. सगळ्यांची संमती आहे, फक्त तुमची सही अडलीय."

"सगळ्यांनी वाचलंय?"

अध्यक्ष कागद चाळू लागले. मग ती मुलगीच म्हणाली, "सर, पंप चालू होते. मी गाइडना सांगितलं होतं. ते म्हणाले, आता उकरून काढू नकोस."

गाइड खोकले. तेवढंच.

"मग सही नाही," हे म्हणाले. "पंप बंद ठेवून मोज. निम्म्या विहिरी पुरतील. मी हातासरशी वाचून देतो."

"आणि सर, तोवर मी खाऊ काय?"

अध्यक्ष 'ठीक आहे, मुदत देतो' असं उपकार केल्यासारखं म्हणाले आणि पडदा काळा झाला.

"चुकलो का गं?"

"चूक नाही हो. पण तिच्या घरच्यांनी आधी वाचायला नको होतं?"

"घरच्यांनी म्हणजे?"

"तो गाइड! त्याचं काय गेलं? उपाशी राहणार ती, आणि कुढत बसणार तुम्ही."

संध्याकाळी देवापुढे बसले. मुलीसाठी मागितलं. त्या गाइडसाठी काही चांगलं मागायला जीभ वळेना. देवाने समजून घ्यावं.

खोळ अजून तशीच लोंबतेय. म्हटलं, निदान टेबल तरी रिकामं करा.

"कशाला? नवं प्रकरण येईलच." हे पायात चपला सरकवत म्हणाले. "प्रिंटरची शाई संपलीय. ती घेऊन येतो."