तोंडपाठ नजर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर असतो तो अक्षरांचा तक्ता मला तोंडपाठ आहे. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत बिनचूक सांगतो, म्हणाल तर खालून वरही. मी रेल्वेत ड्रायव्हर होतो. झाशीहून गाड्या नेण्यात जन्म गेला, आणि त्या सगळ्या जन्मात डोक्यावर टांगती तलवार एकच होती, डोळ्यांच्या तपासणीची. नापास झालात की इंजिनावरून उतरायचं आणि शेडमध्ये खुर्ची गरम करत बसायचं. म्हणून तपासणीच्या दिवशी बाकावर रांगेने बसलेले आम्ही सगळे ड्रायव्हर ओठातल्या ओठात पुटपुटत असायचो. बघणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणसं आहेत! डोळे तेव्हा ठणठणीत होते, पाठांतर नुसतं भीतीपोटी. पण भीतीने पाठ केलेलं माणूस विसरत नाही.

बहात्तराव्या वर्षी माझ्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला. कडेचं सगळं दिसायचं. भिंत दिसायची, भिंतीवरचं घड्याळही दिसायचं, फक्त काटे गायब. कोणी समोर आलं की कान दिसायचे, खांदे दिसायचे, मध्ये धुकं. मी गुपचूप एकटाच एका डॉक्टरकडे गेलो. खुर्चीत बसलो, समोर तक्त्याची चौकट दिसली आणि तोंड आपोआप सुरू झालं. शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता म्हटलं. डॉक्टर खूश. मी त्यांच्याहून खूश. कागदावर उत्तम शेरा घेऊन घरी आलो आणि बायकोपुढे नाचवला. स्वतःलाच टोपी घालून वर पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

निवृत्त माणसाला कोण नापास करणार होतं, असं तुम्ही म्हणाल. पुण्याचा मुलगा! त्याने केव्हाच बजावून ठेवलं होतं, "तुमच्यापैकी एकाचंही काही बिघडलं, की झाशीचं घर बंद आणि दोघं पुण्याला." मुलगा गुणी आहे, सून त्याहून गुणी. पण पुण्यात सातव्या मजल्यावर मी करू काय? झाशीत लोक मला मराठा साहब म्हणतात. पुण्यात मी मराठीत भेंडीचा भाव विचारला तर भाजीवाल्याने हिंदीत उत्तर दिलं. आमच्या मराठीला हिंदीचा वास येतो म्हणे. झाशीत कुठल्या गल्लीत किती पायऱ्या, कुठल्या वळणावर गाय बसते, हे माझ्या पायांना ठाऊक आहे. पुण्यात माझे पायही आंधळे झाले असते. मला जायचं नव्हतं, आणि त्यासाठी वाटेल ते खोटं बोलायची माझी तयारी होती.

गोची केली ती बथुआने. मेथी म्हणून मी बथुआची, म्हणजे आपल्या चाकवताची, भली मोठी गड्डी घेऊन आलो. बायको झाशीतल्या जुन्या मराठी घरातली, सात पिढ्या इथेच, तिच्या तोंडी अजून जुने शब्द असतात. गड्डी बघून ती म्हणाली, "चाळशीचं एक वेळ समजू शकते. नाकही गेलं का?" मग कपाटातून तो डॉक्टरांचा कागद काढून तिने पुन्हा वाचला. "शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाला मेथी कळत नाही? उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

सिविल लाइंसमधल्या त्या डॉक्टरीणबाई आमच्या नातीहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. मला खुर्चीत बसवलं, खोलीत अंधार केला आणि म्हणाल्या, "पढ़िए बाबूजी." मी छाती पुढे काढून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर पोचलो असेन, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाबूजी, अभी तो मैंने बोर्ड की बत्ती जलाई ही नहीं."

आजवर मी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, पण ओलांडल्यावर कसं वाटत असेल ते मला त्या खोलीत कळलं. मागच्या स्टुलावर बायको होती. तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला होता. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वापरायला शिकवू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ई-रिक्शा इलाइट चौराह्यावर पोचली तशी बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी दिसते का?"

"कडेने दिसतेस. पदर दिसतो."

"तोंड?"

"नाही."

घरी येऊन तिने चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, मार खायला आलेल्या पोरासारखा. "लेकाशी मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "दोन महिने देते. इथे नीट राहता येतंय हे मला दाखवा. नाही तर मीच त्याला तिकिटं काढायला सांगेन." आणि चहाचा कप माझ्या हातात देण्याऐवजी ओट्यावर ठेवला. परीक्षा तिथूनच सुरू झाली.

डॉक्टरीणबाईंकडे शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी पहिलाच धडा उफराटा दिला. जे बघायचंय त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, म्हणजे ते दिसतं. चाळीस वर्षं नाकासमोर बघून गाडी हाकलेल्या माणसाला हा उपदेश! दिवा असलेलं भिंग आलं. जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी लागली. पांढरा भात पांढऱ्या ताटात हरवायचा, म्हणून माझ्यासाठी निळं ताट आलं. मी प्रत्येक गोष्टीवर कुरकुर केली आणि प्रत्येक गोष्ट वापरली. घरात जमू लागलं. रस्त्यावर मात्र बायको दंडाला धरून न्यायची आणि मी हात झटकायचो. आम्ही दोघं चिडायचो.

शेवटी तोडगा मला सुचला. इंजिनावर ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. एकाने पुकारायचं, दुसऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे दोघांना कळलं याची खात्री. मी बायकोला म्हटलं, "धरू नकोस. पुकार."

"असिस्टंट कोण?" तिने विचारलं.

"तू."

"दिसतं कुणाला?"

"तुला."

"मग मी ड्रायव्हर," ती म्हणाली आणि चपला घालून पुढे झाली. बढती इतक्या लवकर कुणाला मिळाली नसेल.

दुसऱ्या दिवसापासून आमची गाडी सुटली. "डावीकडे खड्डा!" "डावीकडे खड्डा." "समोर सांड, उभा!" "समोर सांड, उभा." फळवाल्याला पहिले दोन दिवस वाटलं की म्हातारा-म्हातारी भांडताहेत. तो बिचारा मध्ये पडायला आला. बायकोला मात्र या पुकारण्याची गोडी लागली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "समोरून कोपऱ्यावरची येतेय, आपली कढई चार महिने दाबून बसलीये!"

नियम म्हणजे नियम. मी इंजिनावरच्या आवाजात म्हटलं, "समोरून कोपऱ्यावरची येतेय, आपली कढई चार महिने दाबून बसलीये!"

कोपऱ्यावरच्या त्या शेजारणीच्या घरात चार पिढ्यांपूर्वी एक मराठी सून आली होती. बोलता येत नसलं तरी मराठी तिला सगळं समजतं. रात्रीच्या जेवणाआधी ती घासलेली कढई घेऊन दारात हजर. "लो जिज्जी, तुमाई कढ़ैया." बायको आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली, आणि मग माझ्यावर रागावली, आणि मग पदर सोडून पुन्हा हसली. मी तिच्या डाव्या कानाकडे बघत होतो, शिकवलं होतं तसं. कडेने मला हसणारे दात दिसले. किती महिन्यांनी दिसले! मी ते तिला सांगितलं नाही. परीक्षा चालू असताना परीक्षकाला लोणी लावू नये.

दोन महिने संपले त्या रविवारी मुलाचा फोन आला. बायकोने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. धुकं, बथुआ, न लावलेली बत्ती. काही म्हणता काही लपवलं नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

"आई, मग आता कशाला थांबायचं? मी तिकिटं काढतो."

"नको. आम्ही इथेच राहणार."

"अगं पण बाबांना दिसत नाही म्हणतेस ना?"

"त्यांना माझं तोंड नीट दिसत नाही," ती म्हणाली. "मला त्यांचं दिसतं. दोघांत तेवढं पुरतं."

"बाबा काय म्हणताहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं असावं.

"रडताहेत," ती म्हणाली. "मी नंतर करते फोन."