विचारपूस बंद करायचं बटन

मी घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं काम करते, पण आमच्या अर्जुनी मोरगावात माझी ओळख 'दिवसभर वरच्या खोलीत राजे मारते ती पोरगी' अशी आहे. ही ओळख पसरवली माझ्या आत्याने. त्यात तिचा वाईट हेतू काही नव्हता. कुणी विचारलं, भाची काय करते, तर तिने जे दिसलं ते सांगितलं.

राजे मी मारत नव्हते, ते आपले आपण मरायचे. युरोपातल्या जुन्या राजघराण्यांचा तो एक कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. एक घराणं निवडायचं आणि पिढ्यान् पिढ्या चालवायचं. राजा म्हातारा होऊन मेला की त्याचा मुलगा होऊन आपण पुढे खेळायचं. लढाया असतात, पण खरा खेळ लग्नांचा. कुणाची मुलगी कुणाला दिली की कोणता किल्ला आपल्या घरात येईल, हेच डोक्यात. खेळ केला दुसऱ्यांनी. मी त्यात माझ्या पदरची भर घालते. अशा भरीला मॉड म्हणतात. मॉड फुकट वाटायचा असतो आणि ज्यांनी फुकट घेतला ते नंतर इंटरनेटवर, खेळाच्या फोरमवर येऊन हक्काने मागण्या करतात. हे घाला, ते काढा, अमुक अजून का नाही. माणसं कधी न पाहिलेली, तगादा मात्र घरच्यासारखा.

माझा मॉड तेव्हा लहानसा होता. युरोपातल्या राजांना मी धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि पाटाचं पाणी दिलं होतं. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की शेवटच्या बांधीपर्यंत पोचेस्तोवर आमच्याकडे जी भांडणं होतात, ती मी जशीच्या तशी तिकडे नेली. दोन सरदार पाण्यावरून तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत, असा प्रकार. पोलंडच्या एकाने लिहिलं होतं की त्याच्या आजोबांच्या गावी अगदी असंच होतं. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत ती नवऱ्याचं घर सोडून परत आली. का, ते तिने सांगितलं नाही आणि आमच्या आजोबांनीही विचारलं नाही. मागच्या दोन खोल्या तिला दिल्या. स्वतःचं मोडलं म्हणून तिने लग्न या गोष्टीवर राग धरला नाही. उलट आमच्या समाजातल्या कितीतरी पोरापोरींची लग्नं तिनेच जुळवली. पैसे घेत नाही. विहारात लग्न लागताना पहिल्या रांगेत जागा आणि जेवणात काय कमी पडलं ते सांगायचा हक्क, एवढंच मागते. स्थळ आलं की ही एसटीने त्या गावी जाणार, पिठाच्या चक्कीवर उभी राहणार, पानठेल्यावर पाणी मागणार, आणि संध्याकाळपर्यंत त्या घराची अख्खी कुंडली घेऊन परत येणार. तरी तिने जुळवलेली दोन-तीन लग्नं मोडलीच. त्यांचा विषय निघाला की ती म्हणते, "तिथं लोकं खोटं बोलले माझ्यासंग."

आणि अर्थात, ती माझ्यासाठीही स्थळं आणायची.

एका रविवारी दुपारी ती मोबाईल पुढे धरूनच वर आली. "हा पाय. साकोलीचा पोट्टा. नोकरी हाय, घर हाय, एकच बहीण."

"आत्या, मी कामात हाय."

"कोणतं काम? राजा मरून राहिला का?"

ती जावी म्हणून मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "याच्या पोराचं लगन जुळून नाही राहिलं. तूच पाय बरं."

तिने चष्मा लावला, पलंगाच्या कडेला बसली आणि राजपुत्राकडे बराच वेळ पाहिलं. "दिसते तर मंद."

"मंदच आहे. खाली तसं लिहिलंय."

लग्नाच्या मुलींची यादी मी उघडून दिली. आत्याने एका सरदाराची मुलगी निवडली, कारण तिच्या चेहऱ्यावर 'सालसपणा' होता. मी बटन दाबलं. लग्न लागलं.

"झालं?"

"झालं."

"घर पाहिलं नाही, गावात इचारलं नाही, पोरीच्या मायले भेटलं नाही, अन् झालं?"

त्या सालस मुलीने खेळातल्या पुढच्याच हिवाळ्यात सासऱ्याला विष घातलं. आत्याने चष्मा काढला. "म्हणून सांगून राहिली, इचारपूस पायजे. हे घाल यात."

साकोलीच्या मुलाचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही. मी सुटले असं मला वाटलं. पुढच्या रविवारी ती स्वतःच वर आली आणि म्हणाली, "केलं का?"

मी केलं. लग्नाआधी आपला माणूस मुलीच्या गावी जातो आणि तिच्याबद्दलची खरी माहिती घेऊन येतो. आत्याला ते अजिबात पटलं नाही.

"सारेच खरं कायले सांगतील? भाऊबंद चांगलंच सांगते. शेजारी वाईटच सांगते. अन् जो म्हणते, 'चांगलेच हायेत जी', पण पायाकडे पाहून बोलते, त्याचं ऐकायचं."

मग मी शेजारी घातले, भाऊबंद घातले, पायाकडे पाहून बोलणारा एक म्हाताराही घातला. ज्या शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून वाद आहे तो मुलीला नेहमी आजारी आणि भांडखोर ठरवायचा. हे आत्याला आवडलं. "आता जरा गाव वाटून राहिलं," ती म्हणाली.

तिच्या मागण्या मग थांबेनात. खेळात लग्नाला धर्मगुरूची संमती लागायची. "याले कायले इचारायचं?"

"तो तिथला मोठा धर्मगुरू हाय, आत्या."

"आपल्या घरानं असं इचारणं कधीचं सोडलं. काढ त्याले."

त्या काळच्या युरोपात हे खपणार नाही, असं मी बरंच समजावलं. शेवटी तडजोड झाली. धर्मगुरू फक्त जेवायला येईल. माझ्या मॉडमध्ये तो अजूनही जेवायलाच येतो आणि वरणात मीठ कमी आहे असं म्हणून जातो.

दुसऱ्या एका दुपारी पडद्यावर दरबारातल्या माणसांच्या रांगेत तिला एक बाई दिसली. "हे कोन?"

"राजाची बहीण. नवऱ्याला सोडून आली."

"मंग अशी बसून काऊन राहिली?"

"तिला खेळात काही काम नाही."

"तिले काम दे," आत्या म्हणाली, आणि चहा ठेवायला खाली गेली. मी त्या बहिणीकडे धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या दिल्या. ती असली की दुष्काळात राज्य टिकतं, असं करून ठेवलं. आत्याने पुढच्या वेळी ते पाहिलं आणि त्या बाईचा झगा बरा नाही दिसत एवढंच म्हणाली.

हे सगळं मी फोरमवर टाकलं आणि आमच्या घरी दुपारी दरबार भरू लागला. मी परदेशी लोकांच्या मागण्या मराठीत वाचून दाखवायची, आत्या सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत निकाल द्यायची, आणि मी तो सभ्य इंग्रजीत लिहायची. एकाला तलवारींचे आणखी प्रकार हवे होते. "मारायले एक बस नाही होत का?" नामंजूर. एकाला उडणारे साप हवे होते. आत्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. ब्राझीलच्या एका बाईची मागणी होती की सासूला राजवाड्यातून लांबच्या किल्ल्यावर राहायला पाठवता यावं. आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. "हे बाई समजदार हाय. तिचं पयले कर." एका पोराला सख्ख्या पुतणीशी लग्न करायची परवानगी हवी होती, वंश शुद्ध राहावा म्हणून. आत्या जे म्हणाली त्यातलं मी एवढंच लिहिलं की या सूचनेचा सध्या विचार नाही.

पण हळूहळू तक्रारी वाढल्या. लग्नंच जुळेनात. विचारपूस इतकी कडक झाली होती की फ्रान्सच्या राजाला पन्नाशीपर्यंत मुलगी मिळेना आणि घराणी एकामागून एक बुडू लागली. लोक म्हणत होते, आम्हाला राज्य वाढवायचंय, शेजाऱ्यांच्या चहाड्या ऐकत बसायचं नाही. निदान हे बंद करायची सोय तरी द्या. आत्याला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "नसन जुळत तर राहू दे तसेच."

मी तिला न सांगता बटन घातलं. सेटिंगमध्ये अगदी खाली, 'विचारपूस: चालू / बंद'. लोक खूश झाले. चूक इतकीच झाली की आत्याला खेळता यावं म्हणून मी सगळं मराठीत करून ठेवलं होतं, आणि ती अक्षरावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचणारी बाई आहे.

मी खालून पाणी पिऊन वर आले तर ती पडद्यापुढे बसलेली.

"हे काय होय?"

"ते... ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी."

"मले बंद करायचं बटन लावलं तुनं?"

"तुला नाही, आत्या. विचारपुशीला."

"एकच होय ते," ती म्हणाली आणि चष्मा डबीत ठेवून खाली गेली.

त्यानंतर ती वर आली नाही. चहा आईच्या हातून यायचा. जेवताना ती बाबांशी बोलायची, आईशी बोलायची, आणि मला भाजी हवी का ते आईला विचारायची. माझ्यासाठी स्थळं आणणंही बंद झालं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता मिळाल्यावर मी वरच्या खोलीत काम सोडून जिन्यावर पावलं वाजतात का ते ऐकत बसायची. आई म्हणाली, "तुमचं काय ते तुमी पाहा. मले मधात नका घेऊ."

शेवटी मीच मागच्या अंगणात गेले. आत्या मोहफुलं वाळत घालत होती. चिचगडकडच्या तिच्या एका ओळखीच्या बाईने पाठवली होती. मी बाजूला बसून फुलं पसरू लागले. तिने मी पसरलेली पुन्हा पसरली.

"बटन काढून टाकू का?" मी विचारलं.

"लोकं काय म्हणतील?"

"शिव्या देतील."

तिने कडेची फुलं मधे सारली. मग म्हणाली, "खऱ्यातबी लोकं इचारपूस बंदच करून राहिले. मोबाईलवर पाहतात, हॉल बुक करतात, अन् मले पत्रिका देतात. बटन तं तिथंबी हाय." तिने हात झटकले. "राहू दे तुझं बटन. पण दाबणाऱ्याले काही झालं पायजे."

"काय?"

आता तिच्या आवाजात मजा आली. "ज्यानं बंद केलं त्याच्या घरच्या लगनात एक बाई येईल. बोलावली नसन तरी येईल. पयल्या रांगेत बसन. अन् लगन लागलं की उभी राहून नवरदेवाची एक खरी गोष्ट साऱ्यांसमोर सांगन."

"पहारेकरी तिला आत कसे सोडतील?"

"पोरीकडच्यायले वाटते पोराकडची हाय, पोराकडच्यायले वाटते पोरीकडची. मले कोणी कधी अडवलं नाही."

त्या बाईने बोलायची वाक्यं मी आत्याकडून त्याच दुपारी लिहून घेतली आणि आठवडाभर इंग्रजीत आणायचा प्रयत्न केला. 'याचा मुकुट चुलत्याचा हाय, परत मागितला हाय.' 'याले लढाईत ताप नव्हता आला, हा झाडामागं होता.' 'याच्या मायनं याले आतापर्यंत स्वतःच्या हातानं जेवू नाही देल्लं.' बरीच वाक्यं झाली. मॉड टाकला.

लोकांनी तक्रार केली नाही. उलट ज्यांनी विचारपूस आजवर चालू ठेवली होती तेसुद्धा मुद्दाम बंद करू लागले, ती बाई काय बोलते ते ऐकायला. पोलंडवाल्याने लिहिलं की त्याने एकाच राजाची चार लग्नं फक्त तेवढ्यासाठी लावली. कुणीतरी विचारलं, ही बाई राजाच्या आईला काही बोलेल असं करता येईल का. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "येईल, येईल. थोडा दम धरा म्हणा."

आता दुपारी लॅपटॉप तिच्याकडे असतो आणि मला माझ्या कंपनीचं काम सकाळी उरकावं लागतं. तिचं स्वतःचं एक राज्य आहे, समुद्राकाठचं, धानाने भरलेलं. लढाई ती करत नाही. परवा आई जिन्याने वर आली, कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना दारात थांबली, आणि पडद्यावरच्या आत्याच्या राजकन्येकडे पाहत राहिली.

"बाई, या पोरीचं लगन नाही लावलं का तुमी अजून?"

"पाहून राहिली ना मी. चांगलं स्थळ कुठं भेटते?"

आईने जवळ जाऊन वय वाचलं. "एकेचाळीस झाले तिले."

"तं मंग? तीन किल्ले एकटी पाहते ते. घाई कायची?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. बादली खाली ठेवली. "अन् हिचं?"

आत्याने पडद्यावरची नजर काढली नाही. एका सरदाराच्या शेजाऱ्याची साक्ष चालली होती.

"हिले इचार," ती म्हणाली. "मी कामात हाय."