कुणासाठी ते सांगा, मग लोकर!

लोकरीच्या दुकानात दिवसभर तंतू उडतात. घरी जाऊन पदर झटका, केस झटका, तरी चार चिकटलेले निघतातच. किस्स्यांचंही तसंच. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एका लोकरीच्या दुकानात मी ब्याण्णवपासून पंधरा-सोळा वर्षं काउंटरला होते. नोकरी सुटली, किस्से काही सुटले नाहीत! आणि कुणी "सांग की एखादा" म्हटलं, तर मला एकावर थांबता येत नाही. आता विचारलंच आहे, तर बसा.

दुकान वहिनींचं. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, दारापाशी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. धंदा वहिनी करायच्या. त्यांचा एकच नियम. कुणासाठी विणताय ते सांगितल्याशिवाय लोकरीचा गुंडा हातात मिळायचा नाही. बाळाला टोचेल ती लोकर नाही, म्हाताऱ्या माणसाला जड होईल ती नाही, रोज धुवायचं असेल तर शुद्ध लोकर अजिबात नाही. लोक वैतागायचे.

"ओ वहिनी, लोकर घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला न्हाय!"

"दोन्ही एकच असतं," वहिनी म्हणायच्या. "नीट चौकशी केली नाही तर जन्मभर टोचतं."

*

शेड जुळवायला बायका काय काय आणायच्या! वांगी रंग हवा म्हणून एकीनं खरंच वांगं आणलं होतं. एकीनं नवऱ्याचा मोजा आणला, न धुतलेला. तो मी चिमट्यात धरून परत दिला.

पण एका काकूंनी कहर केला. नणंदेच्या स्वेटरचा रंग त्यांना इतका आवडलेला, की अल्बममधून तिचा फोटो काढून घेऊन आल्या. "ह्यो बघा. डिट्टो असाच पायजे."

वहिनींनी चष्मा लावला, चष्मा काढला. "काकू, हा फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे."

"व्हय की. पण तुमाला अंदाज असंल न्हवं एवढ्या वर्षांचा!"

*

बिद्रीकडच्या एक मावशी आल्या. पोरगा नुकताच मिल्ट्रीत लागलेला, त्यामुळं मावशींचे पाय जमिनीवर नव्हते. "दुकानातली सगळ्यात जाड लोकर काढा. स्वेटर, कानटोपी, मोजे, मफलर, सगळं इणणार हाय मी."

वहिनींनी सवयीनं विचारलं, "पोस्टिंग कुठं?"

मावशींनी पिशवीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं. मी वाचलं. अंदमान!

वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, "मावशी, तिथं चारी बाजूंनी समुद्र. बारा महिने घाम. तिथं बर्फ पडत नाही."

मावशींनी वहिनींकडं अशी कीव करून बघितलं, जसं काही बिचारीला दुनियेतलं काहीच माहीत नाही. "अवो, मिल्ट्री हाय ती! बर्फाचं सरकार बघंल!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. तरी सगळ्यात पातळ लोकर गळ्यात मारलीच, आणि एकाच मफलरवर मावशींना थांबवलं.

*

आता गुरुजींचा किस्सा. हे रिटायर हेडमास्तर, मिशा म्हणजे अशा झुबकेदार, की वर्गात छडीची गरज पडली नसेल. एका दुपारी तावातावानं आत शिरले. "शुद्ध लोकर म्हणून मला नकली माल दिलाय. मी विज्ञान शिकवलंय बत्तीस वर्षं!"

लोकर ओळखायची आमच्याकडं एकच परीक्षा. धागा जाळायचा. अॅक्रेलिक असेल तर वितळून त्याचा मणी होतो. शुद्ध लोकर असेल तर राख पडते आणि केस जळाल्याचा वास येतो. वहिनींनी त्यांच्याच पिशवीतल्या गुंड्याचा बोटभर तुकडा कापून अण्णांच्या हातात दिला. असले प्रयोग अण्णांच्या आवडीचे. त्यांनी एका चिमटीत धागा धरला, दुसऱ्या हातानं काडी ओढली. गुरुजी नीट वास घ्यायला खाली वाकले.

"आला वास?" अण्णांनी विचारलं.

"आला! केस जळाल्याचा! अगदी स्पष्ट!" गुरुजी खुश. "मान्य. माल शुद्ध आहे. मी माझे शब्द मागे घेतो."

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, लोकर अजून पेटलीच नाही. आधी मिशी विझवा."

*

वहिनींचं आणखी एक म्हणणं होतं. एका स्वेटरला एकच हात. माणूस रागात असला की टाके घट्ट पडतात, निवांत असला की सैल. तिथं लोकर कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

मंगळवार पेठेतल्या दोघी जावांना हे पटलं नाही. सासऱ्यांसाठी मिळून स्वेटर करायचं ठरलं. थोरलीनं पुढचा भाग घेतला, धाकटीनं मागचा. लोकर एक, सुया एका नंबरच्या, टाके मोजून सारखे. थोरली घर सांभाळून करवादलेली, तिचा हात गच्च. धाकटी टीव्हीवरची मालिका बघत विणायची. दोन्ही भाग जोडल्यावर पुढून पोट आवळलेलं आणि मागून पाठीवर पोतं लोंबतंय असा प्रकार झाला.

सासरे तालमीत वाढलेले, आवाज खणखणीत. ते अंगात घालूनच दुकानात आले. आम्ही तिघंही हसू दाबत उभे.

"उसवून देऊ का, मामा?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "म्होरनं थोरली श्वास घिऊ देत न्हाय, मागनं धाकटीचं ध्यान न्हाय. घरात तरी येगळं काय चाललंय?"

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. फेटेवाला एक गडी दारात येऊन उभा राहिला.

"या पावणं," अण्णा म्हणाले.

"लोकर पायजे. एकदम झगझगीत."

"कुणासाठी?" वहिनींचा प्रश्न तयारच.

"आमच्या लक्ष्मीसाठी."

"रंगानं कशी आहे?"

"काळीभोर! तुकतुकीत! नजर ठरत न्हाय."

वहिनींना कौतुक वाटलं. बायकोच्या रंगाचं असं तोंडभरून बोलणारा नवरा कुठं बघायला मिळतो! त्यांनी पिवळे आणि केशरी गुंडे काढले. "हे खुलून दिसतील. लोकर टोचते का तिला?"

"छ्या! तिला काय बी टोचत न्हाय."

"गळा केवढा?"

पावण्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. वहिनींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि जपून म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे हो तुमच्या मंडळींची."

"असणारच की! सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा लिटर देती!"

अण्णा खुर्चीतून पडायचे राहिले. पाडव्याला म्हशी नटवून मिरवतात, लक्ष्मीच्या शिंगांना गोंडे करायचे होते. वहिनींनी पिवळे गुंडे परत ठेवून भडक गुलाबी अॅक्रेलिक दिलं. "हे धुतलं तरी उतरणार नाही." आणि पाडव्याला स्वतः मिरवणूक बघायला गेल्या, गोंडे नीट जमलेत का ते तपासायला!

*

आता शेवटचा सांगते. दोन हजार चार किंवा पाच असेल.

त्या वर्षी वहिनींनी अण्णांसाठी स्वेटर विणला. दुकान काढल्यापासून पहिला! सगळ्या गावाला विणून झालं, तेव्हा कुठं नवऱ्याचा नंबर लागला. डाळिंबी रंग, बिनबटणाचा, गोल गळ्याचा. तयार होईपर्यंत मार्च उजाडला, पण अण्णांना त्याचं काय! पंखा बंद करून, घामानं डबडबून ते दारात बसायचे. येईल त्याला सांगायचे, "मंडळींनी विणलाय. हात लावून बघा, टोचत नाही."

अशा एका दुपारी गडहिंग्लजकडच्या शांतक्का आल्या. साठीच्या, शेतकरी घरातल्या, एरवी दुकानात शिरल्या की आवाज बोळाच्या टोकापर्यंत. त्या दिवशी गप्प. पिशवीतून अर्धवट स्वेटर काढून काउंटरवर ठेवला. डाळिंबीच. एक बाही पुरी, दुसरी कोपरापाशी थांबलेली.

"एक गुंडा कमी पडला," त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. एकुलत्या एका पोरानं बेंगळुरात मनानं लग्न केलं. शांतक्का म्हणाल्या, "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." चार वर्षं बोलणं बंद. आता त्याचा फोन आलेला, "अव्वा, मुलगी झालीय. बारशाला ये." म्हातारीनं सुनेचा फोटो मागवला आणि त्यावरून माप काढून सुनेसाठी विणायला घेतलं. सुनेचं तोंड प्रत्यक्षात अजून बघितलेलं नव्हतं. निम्मं झाल्यावर पोरगा म्हणाला, बाळंतपणानंतर ती जरा भरलीय. सगळं उसवून मोठ्या मापाचं घेतलं, आणि तिथं लोकर संपली. गाडी उद्या सकाळची.

वहिनींनी त्याच शेडचा नवा गुंडा काढून उन्हात धरला. शेड नंबर तोच, पण लॉट वेगळा, म्हणजे रंगवलेला वेगळ्या वेळी. एका लॉटचा रंग दुसऱ्याला तंतोतंत कधीच लागत नाही. बाही कोपरापासून खाली वेगळीच दिसली असती. त्यांनी होलसेलवाल्याला फोन केला. लॉट संपलेला. शहरातल्या दोन दुकानांत विचारलं. तिथंही नाही.

"चालंल का ह्योच?" शांतक्कांनी विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. डोळे भरले त्यांचे. "न्हाय. पयल्यांदा सुनंपुढं उभी ऱ्हाणार मी. म्हणंल, सासूनं उरल्यासुरल्यात भागवलं. ते नगं. मोकळ्या हातानं जाते."

मी नवा गुंडा परत कपाटात ठेवला.

अण्णांना मात्र राहवलं नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी बघवायचं नाही त्यांना. खुर्चीतून उठून ते काउंटरपाशी आले. "अशा कशा मोकळ्या हातानं जाल? अहो, लॉट म्हणजे काय हवेत विरला का? कुणीतरी नेलाच असेल की! कोल्हापुरातच असणार! एवढ्याशा बाहीपुरती लोकर दिली तर त्या माणसाचं काय मरतंय का?"

वहिनींनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. मग मी बघितलं. मग शांतक्कांनीही बघितलं.

वहिनींनी कात्री उचलली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हात वर करा."