गवळणीचा नवरा

गवळण ऐकून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांना माझा एक प्रश्न आहे. त्या गोपीच्या नवऱ्याचं काय? बासरी वाजली की बाई चुलीवरचं दूध तसंच टाकून निघते. लेकरू रडतं, सासू हाका मारते, पण बाई पोचली यमुनेवर. ऐकणारे माना डोलावतात. घरी एक माणूस जागा होऊन अंथरुणावरची बाजूची जागा चाचपत असेल, हे कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. त्याचं नाव निघालंच तर झोपलेला म्हणून निघतं. देवावर प्रेम करायचं तर त्या बाईसारखं करा, एवढं सांगून भजनीबुवा पान लावायला मोकळे. नवऱ्यानं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

मी हे चिडून लिहितोय, कारण गेल्या कार्तिकात तो नवरा मी होतो.

आमचं गाव सिंदी रेल्वे नावाच्या बाजारगावाजवळ. वावरात विहीर आहे, म्हणून भाजी घेतो. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी तोडायची, मोटरसायकलला दोन्हीकडे बांधायची आणि सिंदीच्या बाजारात न्यायची. बायको कामाला खमकी आणि बोलायला कंजूष. "मीठ कमी हाय का?" आणि "मोटर बंद केली का?" एवढ्यात आमचा दिवस निघून जायचा. त्याचं मला काही वाईट वाटत नव्हतं. सगळ्यांचंच असं असतं, असं मी धरून चाललो होतो.

पोरगी शिकायला नागपूरला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. तेव्हा ही बायांच्या भजनी मंडळात जायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे, तेवढाच जिवाला विरंगुळा. त्यांना शिकवायला पुलगावहून एक बुवा पॅसेंजरने यायचे, दर शनिवारी. बुवांनी आधी साधे अभंग बसवले आणि मग गवळणी काढल्या, विरहिणी काढल्या. विरहिणी म्हणजे तो येत नाही म्हणून झुरणाऱ्या बाईचं गाणं. आणि आमची ती अशी गायला लागली की बाप्पा! मी त्या माणसाशी इतकी वर्षं संसार केला, मला तो गळा माहीत नव्हता.

आधी मला बरं वाटलं. मग एक दिवस बांधाला बांध असलेला माझा दोस्त तंबाखू मळता मळता म्हणाला, "वहिनी भल्ली गाते गड्या. अंगावर काटा येते. एवढं कोनासाठी गाते बे?"

तो हसला. मीही हसलो. पण त्या दिवशी वांगी तोडताना माझं बोट काट्यांत तीनदा गेलं.

कोणासाठी? एकदा हा किडा डोक्यात शिरला की मग प्रत्येक गोष्टीला तोंड फुटतं. ती भाकरी थापता थापता गुणगुणायची आणि मी आलो की थांबायची. का थांबायची? मोबाईल कानाला लावून बसायची. चाल ऐकते म्हणायची. चाल ऐकताना माणूस असं गालात हसतं का? आणि त्या गाण्यांमधला तो कान्हा. सावळा, सावळा, सावळा! आमचे पुलगावचे बुवा रंगाने चांगलेच सावळे होते. केसाला तेल लावायचे, अंगाला अत्तर. आता सांगा, मी काय समजायचं?

एका शनिवारी मी बाजारातून लवकर परत आलो आणि सरळ देवळात गेलो. मेथीची एक जुडी हातात ठेवली, प्रसादाला आणली म्हणायला. बाया गोल बसल्या होत्या. बुवा पेटीवर डोकं ठेवल्यासारखे वाकून सूर धरत होते. मी खांबाला टेकून पाहत राहिलो. त्या माणसानं शिकवणी संपेपर्यंत एकाही बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याला दिसतच कमी होतं. उठताना चप्पल सापडेना तेव्हा माझ्याच चपलेत पाय घातला. मला म्हणाले, "तुमच्या घरच्यांचा गळा चांगला हाय. पन मी काही शिकवला नाई बरं का तो. सूर मी देल्ला. बाकीचं त्यायच्याजवळ पयलेच होतं."

माझा जीव खाली पडायला पाहिजे होता. उलट झालं. बुवा असते तर सोपं होतं. त्यांना मी गाडीवर बसवून स्टेशनवर नेलं असतं आणि पुन्हा येऊ नका म्हटलं असतं. आता "पयलेच होतं" म्हणजे काय होतं? आणि ते कोणाचं?

पुढे कार्तिक लागला आणि काकडा सुरू झाला. आमच्याकडे काकड्याला बाया झुंजूमुंजू होताच आंघोळी करून देवळात जातात. काकडआरती होते, मग भजन, उन्हं आली की परत. म्हणजे बघा, गाण्यात होतं तेच माझ्या घरात सुरू झालं. मी अंथरुणात, बाजूची जागा थंड आणि बाई देवाकडे.

मी तिच्या मागे जायला लागलो. हो, गेलो. मोटर सुरू करायला वावरात जायचंच होतं, वाटेत देऊळ होतं. देवळासमोर कडुनिंब आहे, त्याच्या आडून गाभारा दिसतो. तिथे उभा राहायचो. थंडीत मला खोकला लागतो, जुनी खोड आहे. ती रोज सकाळी आलं-गुळाचा काढा करून ठेवायची, तरी तो येतोच. मी दुपट्टा तोंडात कोंबून खोकायचो. ती आत डोळे मिटून गात असायची. समोर दगडाचा देव आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही, जे मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या देवाचा मला राग यायचा. माणूस असता तर कॉलर तरी धरली असती.

एक दिवस जेवताना मी विचारलंच. "काऊन वं, गाताना डोळे मिटतं, तवा तुले कोन दिसते?"

तिनं ताटात भाजी वाढली. विचार केला. मग म्हणाली, "कोनीच नाई दिसत."

"मी?"

"नाई. तुमीबी नाई."

बरं, खोटं तरी बोलायचं! "तुमी दिसता जी" म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण जेवण गेलं असतं. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, "उद्यापासून काकड्याले जायाचं नाई. काल्यालेबी गायाचं नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

भांडली असती तर मी समजलो असतो. ती भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तशीच उठली, आंघोळ केली आणि अंगणात देवळाकडे तोंड करून बसली. गात नव्हती. ओठ घट्ट. तिकडे टाळ सुरू झाले, संपले, मग उठून काढा ठेवला. रोज असंच. घरात एवढं चूप झालं की भाकरी उलथल्याचा आवाज यायचा. आता मला दुसरीच धास्ती लागली. आधी ती देवळापर्यंत जायची आणि परत यायची. आता तर ती माझ्यासमोर बसून कुठे निघून जात होती कोण जाणे. आणि हे मीच केलं होतं, म्हणून कोणाला सांगायची सोय नाही. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. ही बाई माझ्या घरात राहील, भाकरी टाकेल, भाजी तोडेल आणि परत मात्र कधी येणार नाही.

अशात पौर्णिमेआधी मंडळाच्या बाया घरी आल्या.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला पाहिजे. काकडा संपतो त्या पौर्णिमेला काला असतो, आणि दहीहंडी फोडायच्या आधी एक बाई गवळण गात देवळाच्या उंबऱ्यापर्यंत येते. उंबऱ्यात एक पुरुष काठी आडवी धरून तिची वाट अडवतो. त्याला गवळी म्हणतात. म्हणजे तिचा नवरा. खांद्यावर घोंगडं, कोळशाच्या मिशा. तो विचारतो, कुठं चालली? मग विचारतो, गायी कोण दोहील? मग, लोक काय म्हणतील? ती प्रत्येकाला गाण्यातून उत्तर देते. शेवटी गवळी हरतो, काठी टाकतो, तिथेच आडवा होऊन घोरायला लागतो. लोक पोट धरून हसतात. ती काठी ओलांडून आत जाते आणि मग हंडी फुटते. गवळण झाल्याशिवाय हंडी फोडत नाहीत.

दर वर्षी गवळी व्हायचे आमच्या भावकीतले एक म्हातारे काका. त्या वर्षी ते गुडघ्याने अंथरुणावर. "आता तुमीच व्हा गवळी," बाया मला म्हणाल्या. "अन् गायाचं तिलेच हाय, दुसऱ्या कोनाले जमत नाई. ती नाई म्हनते. काऊन नाई म्हनते ते तुमालेच पुसा म्हनते."

बायको दारात उभी होती. मी नाही म्हटलं असतं तर हंडी तशीच राहिली असती आणि कारण गावभर झालं असतं. मी म्हणालो, "गाईन ती."

काल्याच्या दिवशी दुपारी माझ्या तोंडाला कोळसा फासला. सगळं गाव जमलेलं. माझा दोस्त पुढेच बसला होता, दात काढत. मृदंग सुरू झाला आणि ती निघाली. डोक्यावर कोरा माठ, डोळे मिटलेले, एका बाईने दंडाला धरलेलं. तो गळा पुन्हा फुटला. इतके दिवस ओठ मिटून तिनं तो कुठे ठेवला होता?

मी विचारलं, कुठं चालली? ती गायली. मी विचारलं, गायी कोण दोहील? ती गायली. लोक काय म्हणतील, हे विचारताना माझा आवाज फाटला आणि लोक हसले, त्यांना वाटलं सोंग छान वठलं. तिचं तिसरं उत्तर संपलं. आता काठी टाकायची, आडवं व्हायचं, घोरायचं.

माझ्याने आडवं होववेना. अरे, का घोरू मी? त्या नवऱ्याला खरंच झोप लागली असेल का हो? मी काठी तशीच धरून ठेवली आणि जे कोणत्याच गवळ्यानं कधी विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"वापस येशीन का?"

मृदंग थांबला. कोणीतरी हळूच म्हणालं, "अजी, आडवे व्हा, आडवे व्हा." तिनं डोळे उघडले. मिशा लावलेला मी, काठी आडवी, डोळ्यांतलं पाणी कोळशात उतरत होतं, ते तिला दिसलं असणार. गाण्यात याला उत्तर नव्हतं. ती साध्या आवाजात बोलली, मीठ कमी आहे का विचारते तशा.

"येतो न जी. कुठी जातो? रोज त येत होतो. तुमी झोपून राह्यता म्हून एकटी जातो. आज जागे हाय त चाला न मांग मांग."

मग आधी म्हाताऱ्या बाया हसल्या, मग सगळेच. मी काठी खाली ठेवली. ती ओलांडून गेली आणि मीही ओलांडून तिच्या मागे गेलो. आमच्या गावात गवळी आत गेल्याचं हे पहिलंच. बुवांनी पेटीवरून मान वर केली आणि कोण आलं म्हणून शेजाऱ्याला विचारलं. हंडी फुटली. मी काला खाल्ला, मिशांसकट.

घरी जाताना ती पुढे, मी मागे. माझं मन कुठलं गप्प बसतंय! मी विचारलं, "आता मी मांग होतो, तवा दिसलो का तुले?"

"डोळे मिटले होते न. कसे दिसान?"

"हं."

थोडं चालून ती म्हणाली, "पन खोकला आयकू येत होता."

"आज मी एवढा कुठी खोकलो?"

"आजचं कोन म्हनते? त्या कडुनिंबामांगून रोज येत होता. तुमी येऊन उभे राह्यले का मी वरच्या सुरात घेत होतो. नाईतर दगडाले काय आयकू जाते."

मी रस्त्यातच थांबलो. ती थांबली नाही, गाय दोहायची होती. ती खरं बोलली की माझं मन राखायला बोलली, हे मी तेव्हापासून तपासतोय. तिचा चेहरा बघतो, शब्द उलटेपालटे करून बघतो. अजून काही हाती लागलेलं नाही.

पुढच्या एकादशीला सकाळचं भजन होतं. निघायच्या आधी तिनं माझ्यासमोर आलं-गुळाचा काढा ठेवला आणि पदर खोचत म्हणाली, "प्या आता, मंग येजा." ती फाटकाबाहेर गेल्यावर मी तो काढा मोरीत ओतला आणि तिच्या मागे निघालो.