सेनापतीची तलवार

"शेवटाला सेनापतीला एक टाळी पडली न्हाई," अण्णा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "तुमचं एडिटिंग चुकलंय मॅडम. दुरुस्त करा. आन् पुढच्या भागात राणीला मारून टाका."

उदगीरच्या लोकल केबलसाठी आम्ही जादूची मालिका करत होतो. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. आटलेल्या तलावाच्या तळात आमचं राज्य वसवलेलं. वाळवंटाचा सेट दुष्काळानं फुकट दिला. राजा शापानं दगड झालेला आणि रिकाम्या सिंहासनावर दोघांचा डोळा. सेनापती समोरून वार करणारा, धाकटी राणी हसत हसत दिराला विष घालणारी. हाव दोघांची सारखीच.

पैसा अण्णांचा. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून ते आंदोलनं करायचे, आणि मालिकेतला सेनापतीही वेगळा सुभा मागायचा. लोकांनी त्याच्यात अण्णांना पाहावं, एवढी माफक अपेक्षा. राणी व्हायची रेणापूरची सुषमा. घरच्यांशी भांडून, बालवाडीची नोकरी सोडून आली होती. राणी मेली की तिला मान खाली घालून घरी जावं लागणार. मला याचा रागच आला, कारण आमच्यात खरा अभिनय तिलाच येत होता.

रफ कट, म्हणजे संगीत न घातलेली कच्ची जोडणी, आम्ही आदल्या दिवशी देवणीजवळच्या एका गावात पडदा लावून दाखवला होता. लढाई संपेपर्यंत पोरं सेनापतीसाठी शिट्ट्या मारत होती. मग एकदम सगळे गप्प झाले. असं का, ते मला वायरी गुंडाळताना एका बाईनं सांगितलं.

मी अण्णांना तोच शॉट लावून दाखवला. सेनापती रक्ताळलेली तलवार पुढं करतो, नोकर तिच्यावर भरली घागर ओततो, पाणी मातीत जातं. दिसायला मोठा देखणा.

"चांगला तर हाय की," अण्णा म्हणाले.

"गावातली बाई काय म्हणली सांगू? राणीनं दिराला इख घातलं, ते तिचं ती बघंल. ह्या मुडद्यानं भरली घागर मातीत वतली."

"आवं, ते पाणी माझ्याच टँकरचं व्हतं."

"गावाला ठावं हाय ते, अण्णा."

अण्णांनी तो शॉट पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाले, कापा तेवढं. नुसतं कापून भागत नव्हतं. आधीच्या शॉटमध्ये तलवार लाल, पुढच्यात लखलखीत. हा मेळ जुळला नाही तर बघणाऱ्याला खटकतं. आम्ही त्याला कंटिन्युइटी म्हणतो. शॉट पुन्हा घ्यावा लागणार होता.

तेवढ्यात मी राणीचाही विषय काढला. लोक आधीच सेनापतीवर चिडलेत, त्यात त्यानं राणीला मारलं तर शिव्या कुणाला बसतील, एवढंच विचारलं. अण्णा मुरलेले पुढारी. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सुषमाला मीच फोन केला. तिनं नमस्कारसुद्धा केला नाही. "ताई, मरायले का मी?"

"न्हाई. सेनापती तलवार मातीनं घासतोय आता."

पलीकडं ती रडायला लागली आणि इकडं माझेही डोळे भरून आले.

सुषमा शेवटच्या भागापर्यंत राहिली आणि सिंहासनही राणीलाच मिळालं. सिंहासनाची हाव लोक पोटात घालतात, सांडलेलं पाणी नाही. जिल्हा अजून व्हायचाय.