मंगळावर पाणी किती वाजता येतं

बाबांसमोर तोंड उघडायची माझी हिंमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एमआयडीसीतली पाळी संपवून रोज घाट चढून घरी यायचा कंटाळा आला होता, म्हणून तिथेच जवळ बिरवाडीत खोली घेऊन बायकोसह वेगळं राहायचं मी ठरवलं. आता हे बाबांना सांगणार कोण? मी सरळ नाटक लिहिलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. मे महिन्यात मुंबईकर मंडळी आली की पूजा होते आणि संध्याकाळी देवळापुढे नाटक. राजाचं काम कायम बाबांचंच. माझ्या नाटकात ते पृथ्वीचे राजे आणि मी मंगळावरच्या वसाहतीचा पुढारी. मंगळवासी स्वातंत्र्य मागतात, युद्ध होतं, राजा हरतो आणि आशीर्वाद देतो. मला तेवढा आशीर्वाद हवा होता. सगळ्या वाडीसमोर मिळाला की दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलवायचा, असा बेत.

तालमीत बाबा रोज एकच सांगायचे, "आवाज चढव. मागच्याला ऐकू येत नाय."

नाटकाच्या दिवशी मंगळाची लाल माती अंगणातलीच पुरली. डोक्यावर कंपनीतली पिवळी हेल्मेटं. मुंबईहून आलेले चुलते म्हणजे मंगळाचं सैन्य. ते दोन वार करून धापा टाकत पायरीवर बसलं आणि पृथ्वीच्या सैन्यानेच त्याला पाणी पाजलं. राजा मात्र हरायचं नाव घेईना. शेवटी मीच पुढे झालो. "महाराज, आम्हाला वेगळं होऊ द्या."

बाबांनी तलवार टेकवली आणि वहीत नसलेलं वाक्य टाकलं. "मंगळावर पानी किती वाजता येतं रे?"

"सकाळी सहाला," माझ्या तोंडून निघून गेलं. "अर्धा तास."

"आन् तू पहिल्या पाळीला गेलास की भरनार कोन? सूनबाय एकटी?"

लोक खो खो हसले. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकोने मान खाली घातली.

बाबांनी मुकुट काढून काखेत धरला. "पडवीतलं निळं पिंप घेऊन जा. दोन दिस पुरंल. जा, दिलं स्वातंत्र्य."

सैन्याने बसल्या जागी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पिंप टेम्पोत चढवताना पाहिलं, तर ते घासून लख्ख केलेलं आणि खाली नवा नळ बसवलेला. हा नळ कधी आणला, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "तू नाटक वाचून दाखवलंस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझं बाबा पोलादपूरला गेलं होतं."

म्हणजे पहिल्या वाचनालाच त्यांना सगळं कळलं होतं. तरी पुढचे तीन आठवडे त्यांनी मला 'आम्हाला वेगळं होऊ द्या' हे वाक्य रोज म्हणायला लावलं, मागच्याला ऐकू जाईपर्यंत.